रंगाच्या बादलीतली पार्सली

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिला सगळे सूपताई म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं ती तिथे सूपच करत होती. माणसाला नाव पडायला एवढं पुरतं. रोज एकशे चाळीस ताटं वर वॉर्डांत जायची, त्यातली तीस-पस्तीस मीठ बंद असलेल्या पेशंटांची. आता बिनमिठाचं सूप आजारी माणसाच्या गळी उतरवणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी उगाच बोलू नये. सूपताईकडे त्यावर एकच उपाय होता. पातेलं उतरवता उतरवता ती मूठभर पार्सली बारीक चिरून वर टाकायची. पार्सली म्हणजे दिसायला कोथिंबिरीची चुलत बहीण, पण वासाने अगदी वेगळ्या घरातली. वाफेबरोबर तो वास वर आला की माणूस मीठ विसरायचा. सगळं नाही तरी अर्धी वाटी पोटात जायची.

आणि तिचं नाक म्हणजे त्या इमारतीत नावाजलेलं. दूध उद्या नासणार असेल तर तिला आज कळायचं. वरच्या नर्सा डबा घेऊन खाली यायच्या, "सूपताई, हे दही चालेल का हो?" झाकण अर्धं उघडायच्या आत ती सांगायची, "फेकून दे." हुशारी म्हणा, मिजास म्हणा, तिचं सगळं त्या नाकावर होतं.

मग तिला पाच दिवस ताप आला. तसा साधाच. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आठव्या दिवशी ती कामावर आली, दुधाचं झाकण उघडलं, तर काहीच नाही. कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वासाचा पत्ता नाही. फिनेलची बाटली उघडून पाहिली, तिथेही नुसती हवा. त्या दिवशी ती कोठीच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यावर बसून रडली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती जे काही वागली ते त्या पोत्यावरून उठूनच वागली.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यातच तर होती, सांगायचं कोणाला तरी. तिने एका डॉक्टरांना विचारलं, पण कसं, "माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय." डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कुणाचं महिन्यात येतं, कुणाचं वर्षाने. कुणाचं येतच नाही." मैत्रिणीला निरोप देते म्हणून ती जिना उतरली.

भीती कसली, तर चादरींच्या खोलीची. त्यांच्याकडे ब्रेड कापणारा एक जण होता. त्याचा हात थरथरायला लागला, वर कळलं, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला तळघरात चादरी मोजायला बसवलं. पगार तोच, कोणी वाईट बोललं नाही. पण तो माणूस जेवायला वर आला की सगळ्यांकडे असा बघायचा, जणू गावाला जाऊन आलाय आणि घरात दुसरंच कुणी राहतंय. सूपताईला निवृत्तीला चार वर्षं होती. चुलीपाशी अठ्ठावीस वर्षं काढून शेवटची चार चादरी मोजायच्या, हे तिला अजिबात नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने ठरवलं आणि मूठ अकरा महिने झाकून ठेवली.

जिभेवर खारट, आंबट, गोड, कडू एवढंच उरलं होतं. बाकी ती घड्याळ बघून करायची, रंग बघून करायची. घरी मात्र तिला एक आधार सापडला. तो म्हणजे तिचे सासरे.

घरात दोघंच. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परगावी. उरले सून आणि सासरा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. सासरे जन्मभर घरं रंगवायचं काम करायचे. रंगाची पुस्तकं त्यांनी कधी बाळगली नाहीत. गिऱ्हाइकाने कसला रंग हवा विचारलं की ते तोंडीच मिसळून दाखवायचे, "दुधात एक थेंब हळद, त्यात सुईच्या टोकाएवढा काळा." आणि गिऱ्हाइकाला तो रंग भिंतीवर दिसायचा. पन्नास वर्षं टर्पेंटाइन हुंगूनही त्यांचं नाक शाबूत, आणि हिचं पाच दिवसांच्या साध्या तापात गेलं. याला न्याय म्हणतात का, तुम्हीच सांगा.

तर ती आता चुलीवर काही ठेवलं की हाक मारायची, "बाबा, कसा वास येतोय बघा हो जरा."

बाबा खुर्चीतून उठून यायचे, मान पुढे करायचे, आणि म्हणायचे, "बरा."

एवढंच. पण जळत असेल तर "उतरव" म्हणायचे, दूध गेलं असेल तर नाक मुरडायचे. तिचं काम व्हायचं. आणि म्हाताऱ्याची छाती मात्र दोन बोटं पुढे यायची. ज्या घरात आयुष्यभर त्यांना कोणी "मीठ बरोबर आहे का" एवढंही विचारलं नव्हतं, तिथे दवाखान्यात नावाजलेली सून दिवसातून चार वेळा त्यांचं मत घेते. शेजाऱ्यांना सांगून झालं. दाढी करायला गेले तर तिथेही सांगितलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका मंगळवारी वरून तक्रार आली की सूपला साबणाचा वास येतोय. आहार बघणाऱ्या मॅडम होत्या, त्यांना सगळे डाएटबाई म्हणायचे. वयाने सूपताईच्या मुलीएवढ्या, चष्म्याला दोरी आणि हातात कायम पेन. त्यांनी आधी भांडी घासणाऱ्या बायकांना झापलं. त्या बिचाऱ्या पातेली पुन्हा पुन्हा विसळत बसल्या. मग डाएटबाईंनी परत आलेल्या एका वाटीतून चिमटीने पान उचललं, उजेडात धरलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "ही पार्सली नाही. कोथिंबीर आहे." काही माणसांना कोथिंबीर साबणासारखी लागते, हे खरं आहे. वरच्या त्या पेशंटला लागत असावी.

सगळ्यांनी सूपताईकडे पाहिलं. दोन्ही जुड्या ओल्या कागदात शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. कोथिंबीर होती कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी. अठ्ठावीस वर्षं तिने ह्या दोघींना नाकाने ओळखलं होतं. डोळ्यांना कधी ते काम दिलंच नव्हतं. घाईत हाताला लागली ती जुडी घेतली आणि चिरली.

"जुडीच तशी आली असेल," ती म्हणाली.

चार शब्द. भाजीदादा पंधरा वर्षं पहाटे साडेपाचला टेम्पो लावून माल द्यायचा. दुसऱ्या दिवशी डाएटबाईंनी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, मी दिली ती पार्सलीच होती." कोणी ऐकलं नाही. त्याची पालेभाजी बंद झाली, फक्त बटाटे, कांदे, गाजर चालू राहिलं, आणि तीन महिन्यांनी त्याचं काम पुढे ठेवायचं की नाही ते ठरवू असं सांगितलं गेलं. जाताना त्याने सूपताईकडे एकदा पाहिलं. ती गाजरं किसत होती आणि किसतच राहिली. वाईट वाटलं का? फार वाटलं. पण वाईट वाटूनही माणूस गप्प बसू शकतो, आणि ती बसली.

पार्सली बंद झाली आणि बिनमिठाच्या वाट्या भरलेल्याच परत यायला लागल्या. हे तिला बघवेना. शेवटी ती डाएटबाईंना म्हणाली, "मी घरी लावते. बी आणून."

"घरी? जमेल?"

"न जमायला काय झालं."

डाएटबाई म्हणाल्या, "एक जुडी आणून दाखवा. मग बघू."

तिच्या डोक्यात काय होतं ते उघड आहे. पाकिटावर पार्सली लिहिलेलं बी, ते आपल्या हाताने आपल्या कुंडीत पेरलेलं. मग त्यात उगवेल ते पार्सलीच. हुंगायची गरज नाही, ओळखायची गरज नाही. जगात निदान एक गोष्ट अशी होईल की जी न हुंगता खात्रीची असेल. ह्या युक्तीवर ती इतकी खूश झाली की रात्री तिला नऊ महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

पार्सलीचं मूळ गाजरासारखं खोल जातं, म्हणून उथळ कुंडी नको. बाबांनी माळ्यावरून वीस लिटरची रंगाची जुनी बादली काढून दिली, आतला वाळलेला पांढरा पापुद्रा पत्र्याने खरवडला आणि तळाला खिळ्याने सात भोकं पाडली. बी तिने रात्रभर कोमट पाण्यात भिजत घातलं. सकाळी पाणी चहासारखं झालं होतं. ते ओतून दुसरं घातलं. मग बी फडक्यावर पसरून निथळलं, मातीत नखाएवढं खोल पेरलं, वर माती भुरभुरली आणि ओलं गोणपाट झाकलं. बादली सकाळचं ऊन येतं त्या खिडकीत ठेवली.

"किती दिवसांनी उगवेल?" बाबांनी विचारलं.

"तीन आठवडे. कधी चार."

"चार आठवड्यांत आम्ही अख्खी इमारत रंगवायचो."

पहिल्या आठवड्यात कोणी काही बोललं नाही. दुसऱ्यात बाबा रोज गोणपाट उचलून बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही." तिसऱ्यात शेजारीण म्हणाली, बी मेलेलं असणार. सूपताई कामावरून यायची ती चप्पल काढायच्या आधी बादलीकडे जायची, वाकून पाहायची, पाणी शिंपडायची आणि मग तिथेच खाली बसून राहायची. तिचा चेहरा त्या वेळी कसा व्हायचा, ते तिला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला माहीत होतं. त्याच्या मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, आजारपणात तिचा चेहरा तसा असायचा.

म्हाताऱ्याला ते सोसवेना. पंचविसाव्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्याने डब्यातले मूठभर धने काढले, लाटण्याने हलके रगडून दोन फाका केल्या आणि बादलीत पेरून टाकले. वर माती सारखी केली, गोणपाट होतं तसं झाकलं. काहीतरी हिरवं दिसू दे पोरीला, एवढाच विचार. उगवल्यावर वास घेईल, मला पकडेल, चार शब्द बोलेल आणि हसेल. बऱ्याच दिवसांत ती हसली नव्हती.

बी मेलेलं नव्हतं. पार्सली ही अशीच, तिला कोणी घाई केलेली चालत नाही. तेहतिसाव्या दिवशी बादलीत एकदम गर्दी झाली. काही कोंब दांडगे, काही केसासारखे बारीक. दोघंही बादलीशी वाकून उभे होते. सूपताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. बाबांनी त्या बारीक कोंबांकडे लक्षच दिलं नाही. त्यांना वाटलं, गवत असेल.

पुढे जे झालं त्याला कपाळावर हात मारण्यापलीकडे काही इलाज नाही. दोन आठवड्यांनी तिने विरळणी केली. दाटीने उगवलेली रोपं कमी करायची, धडधाकट ठेवायची आणि मरतुकडी उपटायची, असं पाकिटावरच लिहिलं होतं. तिने दांडगी कोथिंबीर ठेवली आणि स्वतःच्या हाताने खरी पार्सली उपटून काढली. वाईट वाटलं म्हणून त्यातली तीन बारकी रोपं फेकली नाहीत. कान तुटलेल्या एका मगात माती भरून लावली आणि मोरीच्या खिडकीत ठेवली. म्हटलं, जगली तर जगली.

बाबा वाट बघत होते. पानं आली, दाट झाली, खोलीभर कोथिंबिरीचा घमघमाट सुटला, तरी सून काही बोलेना. एकदा त्यांनीच खडा टाकून पाहिला.

"कसा वास येतोय गं?"

"छान येतोय की. पार्सलीचा." ती पाणी शिंपडत म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. वा, म्हणजे हिला कळलंय, पण आपल्या मनाला लागू नये म्हणून दाखवत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. सून लाखात एक आहे, असं त्यांना वाटलं. दोघंही एकमेकांवर खूश होती आणि दोघांनाही काडीचं कळलेलं नव्हतं.

पेरल्यापासून नऊ आठवडे झाले. पाकिटावर अकरा-बारा लिहिलं होतं. आपल्या हाताला लवकर आलं, असं तिला वाटलं. त्या सकाळी तिने कात्रीने चांगली मूठभर जुडी कापली, धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. आज डाएटबाईंना दाखवायची, आणि दुपारच्या सूपमध्ये घालायची.

बाबा दाढीचा साबण लावून उभे होते. "कुठे नेतेस ती?"

"दवाखान्यात. सूपला."

"थट्टा पुरे झाली हं."

"कसली थट्टा?"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. साबण गालावर सुकत होता. "अगं, कोथिंबीर आहे ती. मीच पेरलेत धने. तुझं काही उगवेना म्हणून. तुला वासावरून कळलं असेल असंच मी धरून चाललो होतो." मग थांबले. "कळलं नाही?"

तिने पिशवीतून जुडी काढली, नाकाशी धरली आणि श्वास घेतला. सवयीने घेतला. काही आलं नाही.

"बाबा, माझं नाक गेलंय," ती म्हणाली. "तापापासून."

"तापाला वर्ष होत आलं."

"हो."

नळ टपकत होता, तो बाबांनी बंद केला. तोंड धुतलं, अर्धीच दाढी झाली होती. टॉवेल हातात धरून ते खुर्चीत बसले. मग त्यांनी जे विचारलं ते नाकाबद्दल नव्हतंच.

"म्हणजे ते रोजचं? 'कसा वास येतोय, बाबा?'"

तिची मान खाली गेली.

"मला वाटायचं, तू मला विचारतेस," म्हातारा म्हणाला. "मी लोकांना सांगत फिरलो."

तिला लाज वाटली, इतकी की भाजीदादाच्या वेळीही वाटली नव्हती. ती त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. दूध, फिनेल, बटाट्याचं पोतं, चादरींची खोली. साबणाची तक्रार, आणि ते चार शब्द. भाजीदादाचं नाव तिने सगळ्यात शेवटी घेतलं.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "मला वापरलंस ते आपण दोघं बघू. घरातलं आहे. पण त्याला तू फसवलंस आणि त्याला माहीतही नाही कशासाठी."

"मला खाली पाठवतील."

"पाठवतील कदाचित," बाबा म्हणाले. खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "जा. उशीर होतोय तुला."

तिने ती जुडी सोबत नेली. डाएटबाईंच्या टेबलावर फडकं उलगडलं आणि त्या काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, ही कोथिंबीर आहे. मला सकाळी घरच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. मला वास येत नाही. त्या दिवशीची जुडीही मीच चुकीची घेतली. त्या माणसाचा काही दोष नव्हता."

डाएटबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या, आणि का रागावू नये? आजारी माणसांचं अन्न आहे ते. "अकरा महिने तुम्ही एकशे चाळीस ताटांचं दूध पास करत होता, सूपताई. कोणाला काही झालं असतं तर?"

"हो," ती म्हणाली.

दोन दिवस काहीच ठरलं नाही. ते दोन दिवस ती सूप करत होती आणि जिन्यावर पावलं वाजली की हात थांबत होता. तिसऱ्या दिवशी वरून कागद आला. दूध, अंडी, मांस, यातलं काही तिने पास करायचं नाही. ते काम भाजी चिरणाऱ्या बाईकडे. नावाचा बिल्लाही बदलला. आधी मुख्य होती, आता नुसती स्वयंपाकी. चुलीवरून मात्र हलवलं नाही. "बिनमिठाचं सूप दुसऱ्या कोणाला जमत नाही," डाएटबाई म्हणाल्या, कौतुकाने नाही, अडचण सांगितल्यासारखं. त्या आठवड्यात एक नर्स दह्याचा डबा घेऊन आली, सवयीने सूपताईकडे वळली, अडखळली आणि भाजी चिरणाऱ्या बाईकडे गेली. ते तिला लागलं. पण इथे माणसं दिसतात, पातेल्यांचा आवाज येतो, चूल समोर आहे. चादरींपेक्षा हे बरं, असं तिने स्वतःला समजावलं आणि पातेल्यात पळी फिरवली.

भाजीदादाला भेटायला ती पहाटे साडेपाचला मागच्या दारात उभी राहिली. पालेभाजी पुन्हा सुरू झाल्याचं त्याला कळलं होतं, कारण कळलं नव्हतं. तिने ते सांगितलं. तो क्रेट उतरवत राहिला. सगळे उतरवून झाल्यावर त्याने दोन जुड्या काढल्या आणि म्हणाला, "डोळे मिटा."

तिने मिटले. त्याने तिच्या एका हातात एक, दुसऱ्यात दुसरी दिली. "चोळून बघा. हे पान पातळ, बोटात गळून जातं, कडा गोलसर. ही कोथिंबीर. हे जाड, टोकदार, वाकवलं तर मोडतं. चावून बघा, जरा कडवट लागेल. ही पार्सली." तिने चावून पाहिलं. कडू तेवढं कळलं.

"हे मला तेव्हाच विचारलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला, आणि टेम्पोत बसून गेला. माफ केलं असं काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र पार्सलीच्या जुडीला लाल दोरा बांधून यायला लागला.

राहिले बाबा. ते बोलत होते, जेवत होते, बादलीला पाणी घालत होते. पण चुलीकडे येत नव्हते. आणि ती विचारत नव्हती. कोणत्या तोंडाने विचारणार? दूध दोनदा उतू गेलं, एकदा बटाटे करपले, दोघांनी ते निमूट खाल्ले. असे तीन आठवडे गेले.

एका संध्याकाळी ती सूप करत होती, घरातलंच, दोन वाट्यांचं. मोरीच्या खिडकीतल्या त्या तुटक्या मगात तीन रोपं जगली होती; मरतुकडी म्हणून उपटलेली, ती आता वीतभर झाली होती. तिने बोटाने चाचपून पाहिलं. जाड, टोकदार. बाहेरच्या बाजूचे दोन दांडे कापले, चिरले आणि वाफेवर टाकले.

बाबांची खुर्ची सरकली. ते येऊन तिच्या मागे उभे राहिले.

"विचारत का नाहीस?" ते म्हणाले.

"काय?"

"रोज विचारायचीस ते."

तिने पळी खाली ठेवली. "कसा वास येतोय, बाबा?"

बाबांनी मान पुढे केली आणि तोंड उघडलं, आणि तिला माहीत होतं काय येणार ते. पण ते थांबले. "थांब, नीट सांगतो," म्हणाले. डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"खाली पांढरा घे. चुन्याचा, ओल्या भिंतीचा. गार. त्यावर हिरवा, पण कोथिंबिरीचा नाही, तो फार भडक. हा काकडी सोलताना येतो तसला. त्यात सुईच्या टोकाएवढा काळा. मिऱ्याचा काळा." हात हवेत होता, अंगठा आणि बोट जुळलेलं, जणू ब्रश धरलाय. "आणि वरून कुठेतरी, अगदी जरासा, नवीन खडूचा."

ती पातेल्यात बघत उभी राहिली. आलं काहीच नाही. वाफ नुसती गरम लागत होती. पण रंग दिसला. थर लावत लावत जसा भिंतीवर चढतो तसा दिसला, आणि तिला आठवलं, अगदी असाच तो असायचा.

"बरोबर आहे का?" बाबांनी विचारलं. आयुष्यभर गिऱ्हाइकाला विचारायचे तसंच.

"काळा थोडा जास्त झालाय," ती म्हणाली.

बाबा पुन्हा वाकले, हुंगलं, विचार केला. "हो," म्हणाले. "थोडा कमी कर." मग तिने पदराने डोळे पुसले आणि दोन वाट्या काढल्या.